पोट उचला, स्वामी

माझ्या चुकीबद्दल एका माणसाने माझी माफी मागितली आणि मी ती देऊन टाकली. "असू दे अण्णा, होतं असं कधी कधी," असं म्हणालो. वर त्यांच्या खांद्यावर थोपटलंसुद्धा. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ घेऊन मी त्यांच्या सोफ्यावर बसलो होतो, अक्कांनी आणलेली कॉफी पीत होतो, आणि सत्तरीला टेकलेला तो माणूस माझ्यासमोर हात जोडून उभा होता. टेंगूळ माझ्याच लबाडीने आलं होतं. ती लबाडी त्या वेळी माझ्या पँटच्या उजव्या खिशात होती आणि मांडीला टोचत होती.

लबाडी म्हणजे एक क्लिप. गाडीच्या पट्ट्याच्या टोकाला धातूची जीभ असते ना, तशी नुसती जीभ, पट्ट्याशिवाय. मारतहळ्ळीच्या पुलाजवळ सीटकव्हरं आणि आरशाला लटकवायची माकडं विकणाऱ्या दुकानात मिळाली. ती सीटशेजारच्या खाचेत खुपसली की गाडीला वाटतं माणसाने पट्टा लावला, आणि गाडी ओरडायची थांबते. गाडीला फसवायला केलेली वस्तू. मी तिने अण्णांना फसवलं, आणि त्यापायी अण्णांनी गाडी चालवणं सोडलं. हे आधीच सांगून मोकळा होतो, कारण पुढे मी त्यांच्या गमती सांगणार आहे. त्या सांगताना मला हसू येतं, आणि हसलो की लगेच कान गरम होतात.

अण्णा माझे घरमालक. मारतहळ्ळीच्या एका गल्लीत त्यांचं तीन मजली घर. खाली ते आणि अक्का, पहिल्या मजल्यावर मी, वरच्या एका खोलीत नागपूरची मुग्धा. माझी बायको आणि मुलगी पुण्यात, मुलीच्या शाळेसाठी. त्यामुळे मी इथे एकटा, आणि एकट्या माणसाला बेंगळुरूत डोशाशिवाय आधार नाही. सहा वर्षांत माझं पोट माझ्या पुढे चालायला लागलं. ही माहिती अनावश्यक वाटेल, पण या सगळ्या प्रकरणाचं मूळ त्या पोटातच आहे.

अण्णांचं घराणं इथे येऊन साडेतीनशे-चारशे वर्षं झाली. "तुम्ही पुण्याचे मराठी, आम्ही बेंगळूरचे मराठी. तुम्ही आत्ता आलात, आम्ही स्वल्प आधी आलो," असं ते म्हणायचे. घरात मराठी, पण तिच्यात कानडी अशी मिसळलेली, की वेगळी काढायची सोय नाही. मला ते 'स्वामी' म्हणायचे. माझ्यात काही आध्यात्मिक आहे म्हणून नव्हे. इथे भाजीवालाही समोरच्याला 'एन स्वामी' म्हणतो. मुग्धाला ते 'अम्मा' म्हणायचे. सव्वीस वर्षांच्या मुलीला. पहिल्या दिवशी ती दचकली होती.

नोकरी त्यांची विमानाचे भाग करणाऱ्या कारखान्यात, तपासनीसाची. बत्तीस वर्षं स्क्रू पाहिले. "विमानात बसलेला मनुष्य स्क्रू बघत नाही, स्वामी. तो खिडकीतून ढग बघतो. म्हणून कुणीतरी स्क्रू बघावा लागतो." निवृत्त झाल्यावर स्क्रू संपले आणि आम्ही सुरू झालो.

डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं होतं. घराजवळ तळं आहे, बाग आहे, अगदीच नाही तर गच्ची आहे. पण अण्णा रोज सकाळी गाडी काढून हेब्बाळच्या तळ्यावर चालायला जायचे. चाळीस मिनिटं चालण्यासाठी सव्वा तास गाडी चालवायची. अक्का म्हणायच्या, "चालणं निमित्त हो. ह्यांना गाडी फिरवायची असते." आमची दोघांची ऑफिसं हेब्बाळला, एकाच आवारात. म्हणून अण्णांनी एके दिवशी फर्मावलं, "उद्यापासून दोघं माझ्याबरोबर. पेट्रोलचं बोलाल तर घर खाली करा."

पहिल्या सकाळी मला वाटलं, बसू आणि निघू. बसायलाच वीस मिनिटं लागली.

आधी सीट. अण्णांनी मला पुढच्या सीटवर बसवलं आणि दरवाजात उभं राहून शिंप्यासारखं न्याहाळलं. "पार्श्वभाग मागे. आणखी मागे. मधे फट ठेवायची नाही. पाठ टेकवा. अशी नाही, झोपायचं तर घरी झोपायचं." मग ते माझ्या गुडघ्यांशी वाकले आणि सीट पुढे-मागे सरकवत राहिले. मग डोक्यामागची उशी. तिला उशी म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. "उशी नाही ती. मागून कुणी ठोकलं तर मान तुटू नये म्हणून आहे. तिचं डोकं आणि तुमचं डोकं एका उंचीला पाहिजे." मनासारखं झाल्यावर त्यांनी हाक मारली, "अगो, टिकल्या आण!" अक्कांनी टिकल्यांचं पाकीट आणलं. अण्णांनी त्यातली एक मोठी मरून टिकली काढून सीटखालच्या पट्टीवर चिकटवली. "ही तुमची जागा. दुसरं कुणी बसून सरकवलं तर परत इथे आणायची." अक्कांच्या बहिणीची जागा हिरवी टिकली, अण्णांची स्वतःची काळी. गाडीच्या पोटात असं एक हळदीकुंकूच भरलेलं होतं.

मग पट्टा. इथून माझे हाल सुरू झाले.

मी पट्टा ओढला, खाचेत घातला, टक् झालं. अण्णा म्हणाले, "नाही." पट्टा माझ्या पोटावरून गेला होता. दुसरीकडून जाणार कुठून? पण अण्णांचं म्हणणं, खालचा पट्टा पोटावर नको, पोटाखाली कमरेच्या हाडावर हवा. गचका बसला तर हाड सोसतं, पोट सोसत नाही. शास्त्र बरोबर होतं. प्रश्न एवढाच, की माझ्या कमरेचं हाड मी स्वतः बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

"पोट उचला, स्वामी," अण्णा म्हणाले.

"अं?"

"दोन हातांनी. असं. वर. हां, आता पट्टा खालून घ्या. आता सोडा. निधान, निधान, हळू."

मागून मुग्धा खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते. फाटकाशी दूधवाला सायकल धरून उभा होता. त्याने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं, आणि सहानुभूती हसण्यापेक्षा वाईट असते.

त्यानंतर रोज सकाळी पावणेआठला गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, "पोट उचला, स्वामी!" दूधवाल्याने आपली वेळ बदलून पावणेआठ करून घेतली, असा माझा संशय आहे. समोरच्या घरातले कानडी आजोबा एकदा मला किराणा दुकानात भेटले, आणि मराठीचं अक्षर येत नसलेल्या त्या माणसाने माझ्याकडे पाहून स्पष्ट म्हटलं, "पोट उचला?"

सगळ्यांचे पट्टे लागले की अण्णा स्टिअरिंगवर हात ठेवून डोळे मिटायचे. "हं. सोडा आणि परत लावा. एकेक." मग एकेकाने टक् वाजवायचं. आधी त्यांचा, मग माझा, मग मुग्धाचा. मुग्धाने मागच्या सीटवर पट्टा लावण्याबद्दल पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "मागे काऊन लावाचा, अण्णा? मागे तं कोणीच लावत नाही."

"अम्मा, गाडी थांबली की मागचा मनुष्य पुढच्या मनुष्याच्या डोक्यावर येतो. तुम्हाला स्वामींच्या डोक्यावर यायचंय काय?"

"नको बाप्पा," मुग्धा म्हणाली आणि मुकाट्याने लावला.

टक्टक्यांची संख्या जुळली की अण्णा डोळे उघडत आणि गाडी हलवत. या सगळ्या कडेकोट व्यवस्थेत एकच भोक होतं: टक् ऐकताना ते डोळे मिटत. कारखान्यातली सवय. स्क्रू घट्ट बसला का, हे कानाने जास्त कळतं म्हणे.

पट्टा फक्त माणसांना नव्हता. अण्णांच्या गाडीत सुटी वस्तू चालायची नाही. कलिंगड आणलं तर त्याला पट्टा. कुकर दुरुस्तीला नेला तर त्याला पट्टा, आणि शिट्टी वेगळी काढून कप्प्यात. गणपतीला मूर्ती आणायला आम्ही गेलो होतो. दीड हात उंच मूर्ती मागच्या सीटवर मधोमध बसवली. अण्णांनी मोठ्या अदबीने पट्टा ओढला, पोटाखालून घेतला, खाच लावली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा स्वामी. ह्यांचं पोट तुमच्यापेक्षा मोठं. ह्यांच्याकडे स्वतःचा नागाचा पट्टा आहे. तरी दुसरा लावून घेतला. काही बोलले?"

मी म्हणालो, "नाही बोलले."

"आँ! मग तुम्ही का रोज तोंड करता?"

अक्का शेजारी आरतीचं ताट धरून होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्हाला काय सांगू. आमचं लग्न झालं तेव्हा गाडी कुठली, स्कूटर होती. कार्यालयातून घरी जाताना ह्यांनी माझ्या शालूचा पदर स्वतःच्या कमरेला गच्च बांधला. बायका म्हणाल्या, किती प्रेम गं! मला पण वाटलं प्रेम. चौथ्या दिवशी कळलं, पट्टा होता तो."

अण्णा म्हणाले, "पडलीस का?"

"नाही."

"मग."

एसीचं शास्त्र वेगळं. कुठे झाडाखाली जागा मिळाली नाही आणि गाडी उन्हात तापली, तर अण्णा एकदम आत बसू द्यायचे नाहीत. पलीकडची काच खाली करायची आणि अलीकडचा दरवाजा पाच वेळा उघडझाप करायचा, पंख्यासारखा. आतली भट्टी पलीकडच्या खिडकीतून बाहेर. एखाद्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दुपारी कुठे गेलो, की हॉटेलबाहेर लोक थांबून बघायचे: पांढरा सदरा घातलेला एक म्हातारा गाडीचं दार धडाधड हलवतोय आणि शेजारी एक जाडा माणूस आणि एक मुलगी अदबीने उभी आहेत. "तापलेल्या तव्यावर बसून पंखा मागता काय?" ते विचारायचे. "आधी गरम हवा बाहेर, मग थंड हवा आत." एसी चोवीसवर. बटणाला हात लावायचा नाही. वाऱ्याची तोंडं माणसाच्या तोंडावर नाहीत, वर छताकडे, कारण थंड हवा आपोआप खाली येते. अर्ध्या वाटेत बाहेरची हवा थोडा वेळ आत घ्यायची, नाहीतर एकमेकांचा श्वास घेऊन झोप येते. घर जवळ आलं की एसी बंद, नुसता पंखा चालू, म्हणजे आत ओल राहून कुबट वास येत नाही. त्यांच्या गाडीला खरंच कसलाच वास नव्हता. मुग्धा म्हणायची, "अण्णाची गाडी म्हणजे ऑपरेशन थेटर हाये."

एकदा पावसात काचेवर आतून वाफ धरली. मी मदत म्हणून पुढे वाकून हाताने काच पुसली. अण्णांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली.

"हात खाली."

"काही दिसत नव्हतं अण्णा."

"काच पुसायची नसते स्वामी, हवा कोरडी करायची असते." त्यांनी एसी लावला, वारा काचेकडे वळवला, बाहेरची हवा आत घेतली. मिनिटाभरात काच लख्ख. माझ्या पंजाचा तेलकट ठसा तेवढा राहिला, आणि पुढे पाऊस पडून काच धुरकटली की तो ठसा उगवायचा. पाच बोटांसकट. "आले, स्वामी आले," अण्णा म्हणायचे.

हे सगळं लिहिताना माझ्या लक्षात येतं, की त्या माणसाने सांगितलेली एकही गोष्ट चुकीची नव्हती. हे शहर 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी' या तीन शब्दांवर चालतं. बसमध्ये तिसरा माणूस, गल्लीत चौथी गाडी, सगळं थोडं सरकून, थोडं सोसून. त्या शहरात अण्णा एकटेच होते, जे सीट सोडून दुसरं काहीही अ‍ॅडजस्ट करायला तयार नव्हते. आणि मी त्यांना फसवलं ते काही मोठ्या कारणासाठी नाही. दूधवाला हसतो म्हणून.

क्लिप घेतली त्या दिवशी मी रात्रभर आनंदात होतो, हेही कबूल करतो. सकाळी अण्णांनी आज्ञा करायच्या आत मी स्वतःच दोन्ही हातांनी पोट उचललं, पट्टा छातीवरून खाली ओढला आणि त्याचं टोक मांडीखाली दाबून वर बसलो. अण्णांनी डोळे मिटले. मी क्लिप खाचेत घातली. टक्. अण्णांनी डोळे उघडले आणि त्यांचा चेहरा फुलला. "बघा अम्मा! न सांगता! स्वामी शिकले!" घरी गेल्यावर त्यांनी अक्कांना सांगितलं. अक्कांनी माझ्यासाठी चिरोटे पाठवले. महिनाभर मी अण्णांचा सर्वोत्तम विद्यार्थी होतो. पाहुणे आले की ते माझं उदाहरण द्यायचे. माझं पोट मोकळं होतं, दूधवाला कंटाळून जुन्या वेळेवर गेला होता, आणि मी चिरोटे खात होतो.

मग फणसाचा दिवस आला.

अक्कांची बहीण के. आर. पुरमला राहते. तिच्यासाठी अक्कांनी फणस दिला होता, जाताना वाटेत द्यायला. आठेक किलोचा असेल. अण्णांनी त्याला मागच्या सीटवर मुग्धाशेजारी बसवून पट्टा लावला. त्या सकाळी चार टक् झाले. त्यातले तीन खरे होते, फणसाचा धरून.

के. आर. पुरमच्या थोडं अलीकडे आमच्या पुढे एक टेम्पो चालला होता. त्यात लग्नाच्या मांडवाचं सामान, आणि सगळ्यात वर नवरदेवाची खुर्ची: लाल मखमल, सोनेरी सिंह, पाठीवर मोर. दोरी एकच, तीही सैल. अण्णा म्हणाले, "नोडी, बघा, बांधलंय कसं. आता पडणार." त्यांनी वेग कमी केला, अंतर वाढवलं. पुढच्या खड्ड्याला ती खुर्ची खरोखर उडाली आणि रस्त्याच्या मधोमध चारही पायांवर उभी राहिली. हलली नाही, वाकडी झाली नाही. जणू म्हणत होती, या बसा.

अण्णांनी ब्रेक दाबला. गाडी खुर्चीपासून हातभर अंतरावर थांबली. अण्णा जागच्या जागी. मुग्धा जागच्या जागी. फणस जागचा इंचभर हलला नाही. मी मात्र सीटवरून सुटलो आणि काच जिथे खाली डॅशबोर्डला टेकते, तिथे कपाळ आपटलं. एवढा आवाज झाला, की पलीकडच्या लेनमधल्या रिक्षावाल्याने "अय्यो" म्हटलं.

कपाळ धरून मी खाली वाकलो होतो. एका हाताने कपाळ धरलं आणि दुसऱ्या हाताने काय केलं? क्लिप काढून खिशात घातली. आधी क्लिप, मग वेदना. माणूस स्वतःला ओळखतो तो अशा वेळी.

अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "स्वामी! पट्टा होता ना?"

"होता, अण्णा," मी म्हणालो.

घरी आल्यावर बाकी मुग्धाच अक्कांना सांगत होती: टेम्पोवाला घाबरला, खुर्ची चार जणांनी उचलली, एकाने तिच्यावर बसून फोटो काढून घेतला. मी गप्प होतो. सगळे समजले, मार लागलाय.

दुसऱ्या दिवशी अण्णा गाडी गॅरेजमध्ये घेऊन गेले. मेकॅनिकने माझा पट्टा वीस वेळा हिसडा देऊन पाहिला. वीसही वेळा तो जागच्या जागी अडकला. पट्ट्यात दोष नाही. अण्णा तपासनीस होते. त्यांनी हिशेब मांडला. पट्टा ठीक, स्वामींनी लावलेला, तरी स्वामींना लागलं. म्हणजे ब्रेक वेडावाकडा दाबला गेला. म्हणजे हात-पाय म्हातारे झाले. त्याच संध्याकाळी त्यांनी मला खाली बोलावलं, हात जोडले आणि म्हणाले, "माझ्या गाडीत तुम्हाला लागलं. पन्नास वर्षांत कुणाला लागलं नव्हतं. मला क्षमा करा." आणि मी क्षमा केली. सुरुवातीला सांगितलंच.

गाडीवर कापड चढलं. किल्ली अक्कांच्या जिऱ्याच्या डब्यात गेली. हेब्बाळ बंद. मी आणि मुग्धा बसने जायला लागलो. अण्णा गच्चीवर चालायचे, चाळीस फेऱ्या. खोलीतून मला त्यांची पावलं ऐकू यायची. एकदा कपडे वाळत घालायला वर गेलो तर पाहिलं: प्रत्येक कोपऱ्यावर वळायच्या आधी ते उजवीकडे मान वळवून आरशात बघितल्यासारखं बघत होते आणि मग वळत होते. मी ओले कपडे तसेच घेऊन खाली आलो.

सांगायला मी तीनदा गेलो. पहिल्यांदा त्यांनीच विचारलं, "कपाळ कसं आहे?" आणि स्वतः बाम लावला. बाम लावून घेताना कबुली देता येत नाही. दुसऱ्यांदा केळी घेऊन गेलो, तर त्यांना वाटलं मी त्यांचं सांत्वन करायला आलोय. त्यांचे डोळे भरून आले. तिसऱ्यांदा दारात अक्का भेटल्या. म्हणाल्या, "रात्री झोपेत ब्रेक दाबतात हो. माझ्या पोटरीवर." मी परत फिरलो. बसमध्ये मुग्धा माझ्याकडे बघत म्हणाली, "सर, एक विचारू? आठ किलोचा फणस हलला नाही अन् तुम्ही हललात. मले हे गणित जमतच नाही."

"माझं वजन जास्त," मी म्हणालो.

"हो न," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघायला लागली. या वेळी तिचे खांदे हलत नव्हते.

सहाव्या आठवड्यात कळलं, अण्णा गाडी विकताहेत. रविवारी सकाळी गिऱ्हाईक येणार. शनिवारी मी बायकोला फोनवर सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे त्यांनी तुझी माफी मागितली, आणि तू दिलीस?" एवढंच म्हणाली.

गिऱ्हाईक म्हणजे तिशीतला एक हसरा, घाईतला माणूस. हिंदीत बोलणारा. अण्णा माझ्या जागेवर बसले, मरून टिकलीवर. मला म्हणाले, "स्वामी, तुम्हीपण चला, मागे बसा." मी मागे बसलो, पट्टा लावला, कुणी न सांगता पोटाखालून. गिऱ्हाइकाने बसल्या बसल्या सीट आरामखुर्चीसारखी मागे पाडली. काळी टिकली कुठच्या कुठे राहिली. एसी थेट सतरावर, चारही तोंडं स्वतःच्या नाकावर. अण्णांनी डोळे मिटून घेतले. टक् ऐकायला नव्हे.

गाडी निघाली आणि ओरडायला लागली. टिंग टिंग टिंग.

"पट्टा," अण्णा म्हणाले.

"अरे अंकल, गल्ली में क्या पट्टा!" गिऱ्हाईक हसला. टिंग टिंग टिंग. "इसका टेन्शन मत लो. इसका एक क्लिप आता है."

"क्लिप? कसली... कैसा क्लिप?"

"छोटा सा. इधर डालो, आवाज बंद. गाडी समझती है बेल्ट लगा है. पूरे बेंगलुरू में मिलता है, अंकल!"

अण्णा समोर बघत राहिले. मला फक्त त्यांचा कान दिसत होता, आणि त्या कानात काय चाललंय ते मला स्पष्ट ऐकू येत होतं. बत्तीस वर्षांचा तपासनीस मागे मागे जात होता: स्वामी न सांगता शिकले तो दिवस, फणस, हिसडे, माझं 'होता, अण्णा.'

क्लिप माझ्या खिशातच होती. सहा आठवडे मी ती वागवत होतो, टाकायचंही धैर्य झालं नव्हतं. मी ती काढली आणि दोन सीटांच्या मधून हात पुढे केला.

"ही, अण्णा."

"हां, बस यही!" गिऱ्हाईक आनंदाने ओरडला. "आप के पास तो है!"

अण्णांनी क्लिप घेतली. उलटसुलट केली, उजेडात धरली, कडेवरून अंगठा फिरवला.

"फिनिशिंग बरं नाही," ते म्हणाले. मग गिऱ्हाइकाला म्हणाले, "गाडी थांबवा. उतरा. गाडी विकायची नाही."

"पर अंकल..."

"बेडा."

तो बिचारा उतरला आणि आमच्याकडे वळून वळून बघत गेला. अण्णा उतरून पलीकडे गेले. ड्रायव्हरची सीट उभी केली, काळ्या टिकलीवर आणली. एसी बंद केला, तोंडं छताकडे वळवली. मग माझ्याकडे न बघता पुढच्या सीटकडे बोट दाखवलं. मी पुढे येऊन बसलो. मी तोंड उघडलं तशी त्यांनी हात वर केला. पलीकडची काच खाली केली आणि आपला दरवाजा उघडझाप करायला लागले. एक. दोन. तीन. चार. पाच. सहा आठवडे कापडाखाली कोंडलेली हवा माझ्या कानाजवळून बाहेर गेली. ते आत बसले.

"पोट उचला, स्वामी."

आम्ही घरापासून शंभर पावलांवर होतो. फाटकाशी अक्का उभ्या होत्या, हातात रिकामा जिऱ्याचा डबा. वर मुग्धा कठड्यावर वाकली होती. गल्लीच्या तोंडाशी, रविवार असूनही, दूधवाला. मी दोन्ही हातांनी पोट उचललं. पट्टा खालून घेतला, हाडावर. टक्.

अण्णांनी या वेळी डोळे मिटले नाहीत. खाचेकडे पाहिलं, पट्टा दोन बोटांनी ओढून पाहिला, आणि मग माझ्याकडे बघत थांबले.

"अण्णा," मी म्हणालो, "त्या दिवशी मी पट्टा लावला नव्हता. होता म्हणालो ते खोटं. तुमचा ब्रेक बरोबर होता, तुमचे हातपाय बरोबर आहेत. तुम्ही माझी माफी मागितलीत ती माझ्याकडे चुकून आली, ती परत घ्या. आणि जमलं तर मला माफ करा."